तिसऱ्या चौकटीतील मूठ

सातारा–कोरेगाव रस्त्यावरच्या एका विनंती थांब्यावर मी अकरा वर्षे रोज सकाळी बसची वाट पाहिली. मला साताऱ्याकडे जायचे असे, म्हणून मी रस्त्याच्या अलीकडे उभी राहत असे. पलीकडे, कोरेगावकडे जाणाऱ्यांसाठी, पत्र्याची एक शेड होती आणि तिच्यात बाजाराला निघालेल्या बायका, शाळेची मुले, दुधाचे रिकामे कॅन घेऊन परतणारे गडी बसलेले असत. विनंती थांब्यावर एस.टी. आपणहून थांबत नाही. कोणी वेळेवर हात दाखवला तर थांबते, नाहीतर पुढे निघून जाते. त्यामुळे तिथली माणसे गप्पा मारतानाही एक डोळा वळणावर ठेवून असतात, आणि बस दिसली की क्षणात सगळ्यांचे उभे राहणे, बसणे, पिशवी धरणे बदलून जाते. हा बदल मला कागदावर आणायचा होता. एका चित्रात तो मावत नव्हता, कारण बदल दाखवायचा तर आधीचे आणि नंतरचे अशी दोन चित्रे तरी हवीतच. माझ्या कॉमिक स्ट्रिपची सुरुवात अशी गरजेतून झाली, आणि तिचे नावही त्याच दिवशी ठरले: 'विनंती थांबा'.

मी व्यवसायाने आरेखक आहे. आय.टी.आय.मधून ड्राफ्ट्समन सिव्हिलचा अभ्यासक्रम पूर्ण करून मी एका वास्तुविशारदांच्या कार्यालयात लागले, तेव्हा नकाशे ट्रेसिंग पेपरवर रॉटरिंग पेनने काढले जात. पुढे सगळे काम संगणकावर गेले आणि लाकडी ड्रॉइंग बोर्ड भिंतीला टेकून धूळ खात राहिले. त्यांतला एक मी घरी आणला. हातात रेषा होती, प्रमाण कळत होते, शाईची सवय होती. पण माणूस मी कधी काढला नव्हता. नकाशात माणूस असलाच तर तो जिन्याची उंची समजावी एवढ्यासाठी उभा केलेला असतो, त्याला चेहरा नसतो.

चार चौकटींची स्ट्रिप कशी असते हे माझ्या पिढीच्या मराठी वाचकांना समजावून सांगावे लागत नाही. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा 'चिंटू' १९९१ पासून 'सकाळ'मध्ये येऊ लागला, आणि आमच्या घरी वर्तमानपत्राची घडी सर्वांत आधी त्याच्यासाठी उघडली जाई. मात्र वाचणे वेगळे आणि रचना समजून घेणे वेगळे. ती समजून घेण्यासाठी मला उलट बाजूने जावे लागले. शि. द. फडणीस यांची शब्दविरहित हास्यचित्रे मी समोर ठेवली आणि प्रत्येक चित्राला विचारत गेले की याच्या आधी काय घडले असेल आणि यानंतर काय घडेल. तिथे एक क्षण असा अचूक निवडलेला असतो की आधीचे आणि नंतरचे पाहणारा स्वतःच जुळवून घेतो. स्ट्रिपमध्ये हे जुळवण्याचे काम दोन चौकटींमधली कोरी पट्टी करून घेते. माझ्या कागदावर ती पट्टी सहा मिलिमीटरची आहे. तिच्यात एक सेकंद जातो की एक तास, हे तिच्या दोन्ही बाजूंना काय काढले आहे त्यावर ठरते. अकरा वर्षे मी दोन रेषांमधल्या जागेकडे भिंत म्हणून पाहत आले होते; त्या जागेत वेळ असू शकते, ही कल्पना मनात मुरायला काही आठवडे लागले.

पहिल्या स्ट्रिपचा प्रसंग थांब्यावरच मिळाला होता. महाराष्ट्रात ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षे पूर्ण केलेल्यांना एस.टी.चा प्रवास विनामूल्य झाला, आणि मार्च २०२३ पासून सर्व महिलांना निम्मे तिकीट लागू झाले. त्या दिवसांत थांब्यावर दुसरा विषय नव्हता. सवलतीचा आनंद होताच, पण बस आधीच भरून येते, उभे राहूनच जावे लागते, हेही त्याच दमात बोलले जाई. या दोन गोष्टी एकत्र आल्या आणि मला एक आजी दिसू लागली: जिला तिकीट फुकट आहे, परंतु बसायला जागा नाही.

संवाद मी आधी मोकळेपणाने लिहून काढले. पहिल्या चौकटीत शेजारची शाळकरी मुलगी सुमी विचारते, "आजी, आज कुठं निघालीस?" आणि आजी म्हणते, "कोरेगावच्या बाजाराला. बस काय अजून येईना." दुसऱ्या चौकटीत आजी बसमध्ये चढते. "कोरेगाव एक द्या." कंडक्टर म्हणतो, "आजी, तुमची पंच्याहत्तर वर्षं झाली न्हवं? मग सरकारनं तुमाला प्रवास फुकट केलाय." तिसरीत आजी विचारते, "फुकट? म्हंजी पैसेच न्हाई घ्यायचं?" आणि चौथीत म्हणते, "मग पैसे घे बाबा, पन मला बसायला जागा तेवढी दे." एकूण चाळीस शब्द झाले. वाचताना ते सहज वाटत होते आणि मला एकही शब्द जास्तीचा दिसत नव्हता.

ते जास्तीचे आहेत हे चौकटीत बसवताना कळले. माझा कागद ए-थ्री आकाराचा, म्हणजे बेचाळीस सेंटिमीटर रुंद. त्यावर नऊ सेंटिमीटर रुंद आणि अकरा सेंटिमीटर उंच अशा चार चौकटी आणि मध्ये सहा मिलिमीटरच्या तीन पट्ट्या धरल्या, की पूर्ण स्ट्रिपची लांबी ३७.८ सेंटिमीटर होते. छापताना ती निम्मी करायची, म्हणजे साधारण एकोणीस सेंटिमीटर. मूळ चित्र मोठे काढून छपाईत लहान करणे ही जुनी रीत आहे. लहान होताना हाताची थरथर आणि रेषेच्या कडेचे बारीक दोष दिसेनासे होतात. पण अक्षरेही निम्मी होतात, आणि खरी अडचण तिथे सुरू झाली.

अक्षरांवर माझा सर्वांत जास्त वेळ गेला, आणि तो जायलाच हवा होता असे माझे आता ठाम मत आहे. स्ट्रिप कशी काढावी याविषयी जे मार्गदर्शन सहज मिळते ते बहुतेक रोमन लिपी गृहीत धरून लिहिलेले असते. रोमन स्ट्रिपांत संवाद बहुधा मोठ्या लिपीत लिहितात, त्यामुळे सर्व अक्षरांची उंची सारखी राहते आणि ओळी एकमेकींच्या जवळ बसवता येतात. आपली अक्षरे खालच्या रेषेवर बसत नाहीत, ती शिरोरेषेला लटकतात, आणि त्यांना तीन मजले असतात. वर मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि रफार. मध्ये मूळ अक्षर. खाली उकार आणि ऋकार. मी मूळ अक्षराची उंची सहा मिलिमीटर ठेवली, म्हणजे छापल्यावर ती तीन मिलिमीटर राहील. वर चार आणि खाली चार मिलिमीटर सोडले, तर एका ओळीला चौदा मिलिमीटर लागतात. तीन ओळींचे बेचाळीस, आणि संवादाच्या फुग्याच्या आत वर-खाली पाच-पाच मिलिमीटर मोकळी जागा धरली की बावन्न. अकरा सेंटिमीटर उंचीच्या चौकटीचा जवळपास अर्धा भाग एका फुग्याने व्यापला, तर माणसे उभी कुठे करायची? म्हणून मी नियम केला की एका फुग्यात दोनच ओळी आणि एका चौकटीत एकच फुगा.

रुंदीचा प्रश्न वेगळा होता. मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतात, त्यामुळे शब्द लांब होतात, आणि फुग्यात शब्द तोडून पुढच्या ओळीत नेला तर तो वाचताना अडखळतो. 'पंच्याहत्तर' हा एकच शब्द माझ्या अक्षरांत साडेचार सेंटिमीटर, म्हणजे निम्मी चौकट, घेत होता. तो लहान लिहून पाहिला. मग कंडक्टर कुजबुजतो आहे असे वाटू लागले, कारण फुग्यात अक्षराचा आकार म्हणजे आवाज असतो. आकडा लिहून पाहिला. मग तो बोललेला वाटेना, वाचलेला वाटू लागला. शेवटी तो शब्दच काढला, आणि तेव्हा ध्यानात आले की त्याची गरज नव्हती. पदर डोक्यावर घेतलेली, पाठीत वाकलेली आजी समोर दिसत असताना आणि ही सवलत घराघरांत माहीत असताना वय सांगण्याचे कारण नाही. 'सरकारनं' याच कारणाने गेले. 'प्रवास' गेला, कारण माणसे बसमध्येच आहेत. आजीचे "कोरेगाव एक द्या" गेले, कारण कंडक्टरच्या उत्तरातून ते समजते.

सुमीचा संवाद काढणे मला जड गेले, कारण ती मुलगी मला आवडत होती. पण पहिल्या चौकटीचे काम आजी कुठे निघाली आहे हे सांगण्याचे नव्हते. तिला बस थांबवावी लागते, हे दाखवण्याचे होते. तिथे आजी हात वर करून ओरडते एवढे पुरे होते. ओरडण्यासाठी आपल्या लिपीत अवग्रहाची फार चांगली सोय आहे. "थांबव रं ऽ ऽ!" असे लिहिले की शिरोरेषेबाहेरची ती दोन नागमोडी चिन्हे आवाज लांबवत नेतात, आणि मोठ्या लिपीची उणीव भासत नाही. जोर द्यायचा असेल तेव्हा मी अक्षर मोठे न करता टाक किंचित तिरका धरून शिरोरेषा जाड करते. शाळेत कित्ता गिरवताना ज्या कोनात टाक धरायला शिकवत, तोच कोन येथे उपयोगी पडतो.

शेवटी उरले ते एवढे: पहिल्या चौकटीत "थांबव रं ऽ ऽ!", दुसरीत "आजी, तुमाला फुकट.", तिसरी चौकट शब्दाविना, आणि चौथीत "पैसे घे, पन जागा दे." चाळीस शब्दांच्या जागी दहा राहिले.

फुगा आधी काढून त्यात अक्षरे भरायची नाहीत, हे मी दोन कागद वाया घालवून शिकले. आधी शिरोरेषेची पेन्सिलीची ओळ, मग अक्षरे, मग त्यांच्याभोवती फुगा, आणि सर्वांत शेवटी उरलेल्या जागेत माणसे, असा क्रम ठेवला की काहीच दाटीवाटीने बसवावे लागत नाही. संगणकावरचा टंक वापरण्याचाही पर्याय होता आणि देवनागरीत आता चांगले टंक मिळतात, पण माझ्या थरथरत्या रेषेच्या आजीशेजारी टंकाची एकसारखी अक्षरे परकी दिसत होती. शिळाछापाच्या जुन्या मराठी पोथ्यांत चित्र आणि अक्षर एकाच जातीच्या रेषेचे दिसतात, कारण दोन्ही हाताने लिहिलेली असत. जिनिव्हातील शिक्षक रोडॉल्फ टॉप्फर यानेही एकोणिसाव्या शतकात आपल्या चित्रकथा शिळाछापाच्याच एका प्रकाराने छापल्या होत्या. त्यात खास शाईने कागदावर सरळ लिहून ते दगडावर उतरवता येई, त्यामुळे चित्राखालचा मजकूर त्याच्या स्वतःच्या हस्ताक्षरात राहिला. हाताचे अक्षर ठेवण्याचा माझा निर्णय या उदाहरणांनी पक्का केला.

आता चित्रांकडे वळते. कच्ची मांडणी मी काडेपेटीएवढ्या चौकटींत केली, आणि त्या लहान चित्रांनीच मला एक मोठी चूक दाखवली. मी आजीला रस्त्याच्या अलीकडून पाहत आले होते, म्हणून पहिल्या कच्च्या चित्रात तीच बाजू आली. आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात. त्यामुळे पलीकडच्या थांब्यावर येणारी बस माझ्या डाव्या हाताकडून येते, आजी तिच्याकडे म्हणजे चित्राच्या डावीकडे पाहते, आणि बस थांबली की थांबा पूर्ण झाकला जातो. आपण डावीकडून उजवीकडे वाचतो. आजी डावीकडे पाहत उभी राहिली, की वाचकाची नजर तिच्याबरोबर मागे, चौकटीबाहेर जाते. मी मनाने रस्ता ओलांडला आणि शेडच्या आतून पाहिल्यासारखे चित्र पुन्हा काढले. आता बस उजवीकडून येत होती, आजीचे तोंड उजवीकडे होते, आणि तिच्या नजरेच्या रेषेत थेट दुसरी चौकट होती. ज्या जागेवरून मी अकरा वर्षे पाहिले होते ती जागा चित्राच्या कामाची नव्हती, हे मान्य करायला थोडा वेळ लागला.

आणखी एक चूक माझ्या अनुभवानेच सुधारली. आधी मी कंडक्टरला बसच्या दारात तिकीट देताना काढले होते, कारण तसे केले असते तर चारही चौकटी थांब्यावर राहिल्या असत्या आणि मागचे दृश्य एकदाच रचून भागले असते. पण विनंती थांब्यावर असे होत नाही. शेवटचा माणूस पायरीवर येतो न येतो तोच डबल बेल होते, आणि तिकीट चालत्या बसमध्ये दिले जाते. सोयीसाठी खोटे काढले असते तर या रस्त्यावरच्या कोणत्याही वाचकाने ते लगेच ओळखले असते. म्हणून दुसऱ्या चौकटीपासून प्रसंग बसच्या आत नेला. एक हात दांडीला, दुसऱ्या हातात पिशवी, मागे भरलेली बाके, समोर तिकिटाचे यंत्र घेतलेला कंडक्टर.

पेन्सिलीसाठी मी फिकट निळी पेन्सिल वापरते. तिच्यावर शाई चढवली की खोडण्याची गरज राहत नाही, कारण स्कॅन केल्यावर निळा रंग वेगळा काढून टाकता येतो आणि कागदाचा पृष्ठभाग खरवडला जात नाही. शाईकामात मात्र माझा जुना सराव आड आला. नकाशाची रेषा आरंभापासून शेवटापर्यंत एकाच जाडीची असावी लागते, आणि रॉटरिंग पेन त्यासाठीच बनवलेले असते. त्या पेनाने काढलेली आजी मोजमापात बरोबर होती, तरी तिच्यात वजन नव्हते. तिचा पदर आणि बसचा पत्रा एकाच वस्तूचे वाटत होते. मग टाक घेतला. दाब दिला की त्याच्या निबची दोन टोके फाकतात आणि रेषा जाड होते, दाब सोडला की बारीक होते. पदराची घडी जिथे खांद्यावर पडते तिथे जाड, आणि जिथे हवेत सुटते तिथे केसासारखी. बसला मी पट्टी लावून रॉटरिंगच वापरले. आजी टाकाची आणि बस पेनाची, असे दोन स्वभाव झाल्यावर दोघे एकमेकांपासून सुटे दिसू लागले. हा सराव रोज रात्री अर्धा तास याप्रमाणे तीन महिने चालला. काम पावसाळ्यात आले, आणि साताऱ्याच्या पावसात कार्ट्रिज पेपर ओल धरतो. रेषेच्या कडेला शाईचे बारीक केस फुटू लागले. तेव्हापासून मी गुळगुळीत आयव्हरी शीट वापरते, आणि कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून लोखंडी कपाटात ठेवते.

एकच चेहरा चार वेळा काढणे ही सर्वांत कठीण परीक्षा होती. आजीचा चेहरा मी एका वेगळ्या कागदावर समोरून, बाजूने, तिरका आणि पाठमोरा असा काढून ठेवला आणि प्रत्येकात काय बदलायचे नाही हे ठरवले: नाकाचा बाक, कपाळावरचे गोंदण, आणि कानावरून जाणारी पदराची कड. या तीन खुणा राहिल्या की बाकीचे थोडे इकडेतिकडे झाले तरी माणूस तोच राहतो.

तिसरी चौकट मी पाच वेळा काढली. आधी तिच्यात पूर्ण बस होती, बाकांवर नऊ माणसे होती, खिडकीबाहेर उसाची शेते होती. चित्र भरगच्च होते आणि वेळ पुढे पळत होती, कारण वाचकाची नजर त्या नऊ माणसांवरून फिरून लगेच चौथीकडे जात होती. मी माणसे कमी केली. मग बस काढून टाकली. मग केवळ आजीचा चेहरा ठेवला, तर ती कशाचा विचार करते आहे हे कळेना. शेवटी कोऱ्या पांढऱ्या जागेत आजी आणि तिच्या तळहातावरची नाणी एवढेच ठेवले, आणि तिचे डोळे नाण्यांकडे वळवले. गर्दी दुसऱ्या चौकटीत आधीच दिसलेली असते, ती पुन्हा दाखवावी लागत नाही. मागचे सगळे निघून गेल्यावर तिथे एक श्वासभर थांबावे लागते, आणि आजीला बोलण्याआधी जेवढा वेळ हवा तेवढा त्या कोरेपणातून मिळतो. शाई वाळल्यावर मी बोर्ड भिंतीला टेकवून दुरून पाहिला आणि मला फार आनंद झाला.

स्कॅनिंगचे काम थोडक्यात सांगते. रेषाचित्र सहाशे डी.पी.आय.वर (एका इंचात सहाशे ठिपके) स्कॅन करावे, निळा रंग काढून टाकावा, आणि काळे-पांढरे इतके स्वच्छ करावे की करडा रंग कुठेही उरणार नाही. शाईचे ठिपके मी कागदावरच पांढऱ्या पोस्टर कलरने झाकले होते, त्यामुळे संगणकावर फार काही करावे लागले नाही.

मोबाइलवर पाहिले तेव्हा मात्र पुन्हा आकडेमोड करावी लागली. ३७.८ सेंटिमीटरची स्ट्रिप सात सेंटिमीटर रुंद पडद्यावर आडवी बसवली, की माझे सहा मिलिमीटरचे अक्षर एक मिलिमीटरचे होते. म्हणून चार चौकटी दोनावर दोन अशा मांडल्या, रुंदी १८.६ सेंटिमीटर झाली आणि अक्षर सव्वादोन मिलिमीटरच्या आसपास आले. ही केवळ सोय म्हणून केलेली मांडणी होती, पण तिने प्रसंगाची चाल बदलली. दुसऱ्या चौकटीत कंडक्टर बोलतो आणि ओळ संपते. नजरेला खाली, डावीकडे यावे लागते. आणि तिथे निःशब्द आजी भेटते. आडव्या स्ट्रिपमध्ये सहा मिलिमीटरची असलेली वेळ येथे नजरेच्या त्या प्रवासाने वाढली. मला ही मांडणी अधिक आवडली, आणि छापील प्रतही मी अशीच ठेवायचे ठरवले.

छापील प्रत घेऊन मी रस्ता ओलांडला आणि पलीकडच्या शेडमध्ये जाऊन बसले. तिथे नेहमी दिसणाऱ्या एका वयस्कर बाईंना मी ती दाखवली. त्यांना वाचता येत होते. त्यांनी कागद डोळ्यांपासून लांब धरून चारही घरे पाहिली (चौकटींना त्या घरे म्हणाल्या), चौथ्या घरापाशी हसल्या, आणि मग परत पहिल्या घरावर बोट ठेवले.

"हिनं पैसं कुठं ठेवल्यात?"

मी म्हटले, "कमरेच्या बटव्यात असतील, आजी."

"मंग ह्या घरात हातात कुठनं आलं?" त्यांचे बोट तिसऱ्या चौकटीवर गेले. "एक हात दांडीला, एक हात पिशवीला. बटवा कोन सोडनार, तू?"

मी काही बोलण्याआधी त्यांनी स्वतःची उजवी मूठ पुढे केली आणि उघडली. आत घडी घातलेली दहाची नोट होती.

"बस दिसली का आधी पैसं मुठीत घ्यायचं. आत गेल्यावर काय काढाय येत न्हाई."

मी अकरा वर्षे त्यांच्यासारख्या बायकांना हात दाखवून बस थांबवताना पाहत होते, आणि तो हात माझ्या मनात नेहमी उघडा होता. माझ्या पहिल्या चौकटीतही आजीचा पंजा पसरलेला होता. त्या आठवड्यात मी अलीकडे उभी राहून नुसते हात पाहिले. खरोखरच कित्येक हात मिटलेले होते; मूठच वर जात होती, आणि ज्यांच्या मुठीत पैसे नव्हते त्यांच्यात बहुतेक पास असलेली मुले होती.

चारही चौकटी मी नव्याने काढायला घेतल्या. अक्षरे तीच राहिली, कारण त्यांच्या जागा आता पक्क्या होत्या. पहिल्या चौकटीत आजी मूठ वर करून बस थांबवते. दुसरीत पिशवी कोपरात अडकवलेली आहे, डावा हात दांडीला आहे, आणि कंडक्टर बोलत असताना उजवी मूठ छातीशी मिटलेली आहे. तिसरीत पूर्वी तळहातावर नाणी अगोदरच ठेवलेली असत आणि आजी केवळ पाहत असे. आता तिथे मूठ उघडते. अंगठा सुटला आहे, दोन बोटे अजून अर्धी मिटलेली आहेत, आणि नाण्यांचा ठसा तळहातावर उमटलेला दिसावा म्हणून मी टाकाच्या अगदी हलक्या दाबाने दोन अर्धवर्तुळे काढली आहेत. चौथीत तोच हात कंडक्टरपुढे सरळ झाला आहे.

ती प्रत गावच्या वाचनालयाच्या भित्तिपत्रकावर लावली आहे. दुसरी स्ट्रिप सुमीची आहे. तिचा पास घरी राहिला आहे आणि बस वळणावर दिसते आहे. काल रात्री मी तिच्या पहिल्या चौकटीत शिरोरेषेची निळी ओळ आखली, आणि त्याआधी, एका वेगळ्या कागदावर, पास नसलेल्या मुलीचे दोन्ही हात काढून पाहिले.